नवसात धरलेला कुत्रा

ज्यांच्या घरी मुकं जनावर आजारी आहे आणि ज्यांना वाटतं की आपण त्याचं सगळं नीट करतो आहोत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही सगळं नीटच करत होते. निदान माझं तसं ठाम मत होतं, आणि माझं मत एकदा ठाम झालं की ब्रह्मदेव आला तरी ते हलत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं म्हणत नाहीत.

माझे वडील गिरगावात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणून मला लिहिता-वाचता आलं. लग्न होऊन लालबागला आले ती गिरणीतल्या एका फिटरच्या घरी. चाळीत तळमजल्याची खोली आणि पुढे अरुंद पडवी. घरात आम्ही दोघं, मालवणच्या सासूबाई, आमची एकुलती एक गंगू आणि पेडव्या. पेडव्या म्हणजे आमचा कुत्रा.

माहीमची चांगुणा कोळीण रोज सकाळी टोपली घेऊन चाळीत यायची. एकदा तिच्या मागोमाग हे पिल्लू आलं आणि परत गेलंच नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पेडव्यासारखो दिसता गो मेलो!" पेडवे म्हणजे ते बोटभर, चपटे, स्वस्तातले मासे. तेच नाव पडलं. चांगुणा मासळी साफ करताना डोकी, आतडी, काळीज त्याच्यापुढे टाकायची. वर्षभरात तो असा काळाभोर आणि तुकतुकीत झाला की शेजारीण मला विचारायची, "काय हो, कुत्र्याला खोबरेल लावता की काय?" मी म्हणायची, "हो, माझ्या डोक्याचं वाचवून लावते."

देवी

गंगू सात वर्षांची होती. फाल्गुनात तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी अंगभर देवी निघाल्या. टोचून घ्यायचं राहून गेलं होतं. हे म्हणत होते, मीच आज-उद्या करत राहिले. त्याबद्दल मी कुणालाही दोष देत नाही, मला सोडून.

दारात कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, मासळी बंद, कुणाचं येणंजाणं बंद. पेडव्या तिच्या बाजेखाली जाऊन बसला तो नऊ दिवस जेमतेम पाण्यापुरता उठला. नवव्या दिवशी गंगूनं डोळे उघडणं सोडलं. तिला सासूबाईंच्या स्वाधीन केलं आणि मी अनवाणी माहीमला शीतलादेवीकडे गेले. ऊन रणरणत होतं. पाय भाजल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

देवीसमोर मी बोलले, "माझी पोर उठू दे. वर्षभर माझ्या घरात वशाट शिजणार नाही. घरातल्या एकाही तोंडाला मासळी, मटण, अंडं लागणार नाही." कोण कोण ते मी बोटांवर मोजून सांगितलं. सासूबाई, हे, गंगू, मी. पाचवं बोट उरलं. मी म्हटलं, "आणि पेडव्या."

कुणी मला ते बोलायला लावलं नव्हतं. पण देताना हात आखडता घ्यायचा नाही, असं मला वाटलं. शिवाय तो घरातलाच होता. त्याला वगळलं असतं तर देवीशी लबाडी केल्यासारखं झालं असतं. मी त्याला मायेनं मोजला, एवढं आजही सांगते.

गंगू उठली. तोंडावर वण राहिले, पण डोळे वाचले. मला आणखी काही नको होतं.

दोरी

माणसं नवस पाळतात, कुत्रा कसा पाळणार? चाळीतल्या बाकीच्यांकडे चांगुणा येतच होती. तिची हाक ऐकू आली की पेडव्या उडी मारून पडवीबाहेर. दुसऱ्याच दिवशी त्याच्या तोंडात बोंबलाचं डोकं दिसलं. मी धावत जाऊन त्याच्या जबड्यातून ते ओढून काढलं. घरात जाऊन आधी गंगूच्या कपाळाला हात लावून बघितला.

त्या दिवसापासून त्याला पडवीच्या खांबाला दोरीनं बांधला. चांगुणाला बजावलं, आमच्या पडवीकडे फिरकायचं नाही. त्याला वरण-भात, भाकरी, कधी ताक. एकादशीला आमच्याबरोबर वरीचे तांदूळ. चाळीत थट्टा व्हायची, "वहिनी, पेडव्याला तुळशीची माळ कधी घालताय?" मीही हसायची. कुत्रा सोवळा झाला याचा मला थोडा अभिमानच होता, हे लपवून काय करू.

श्रावणात तो अंग खाजवायला लागला. आधी मानेभोवती केस गेले. मला वाटलं, दोरी घासते. मग शेपटीच्या मुळाशी गेले, मग पोटाखाली. हात फिरवला की कोंडा हाताला यायचा. कानांच्या कडा खपल्यांनी जाड झाल्या. घरगुती उपाय जेवढे म्हणून ठाऊक होते तेवढे केले. कडुलिंबाच्या पाण्यानं धुतला, करंजाचं तेल चोळलं, त्यात गंधक घातला. धुताना तो मुकाट उभा राहायचा. झोंबलं की फक्त एक पाय उचलायचा आणि माझ्याकडे बघायचा.

सासूबाई म्हणाल्या, "खरूज ती. आपोआप जातली." आपोआप जाण्याचं लक्षण दिसेना. भाद्रपद संपेपर्यंत पाठीवर ठिकठिकाणी लाल कातडी उघडी पडली.

एकदा चांगुणा रस्त्यावरूनच ओरडली, "आगो बाय, त्याला म्हावरं दे! म्हावरं खाऊन वाढलेला जीव हाय तो!"

मी तिला म्हटलं, "तुझा धंदा होत नाही म्हणून बोलतेस."

फार वाईट बोलले. ती टोपली उचलून गेली.

परळ

आश्विनात मी त्याला परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं. सकाळी तिथे रांग लागायची. ट्रामचे घोडे असायचे, खांद्यावर जखमा झालेले. गाड्यांचे बैल असायचे. एक बाई बकरी घेऊन यायची आणि तिच्याशी सारखी बोलायची. पहिल्या दिवशी मला लाज वाटली होती, कुत्र्यासाठी आले म्हणून. त्या रांगेत लाज गेली. तिथे प्रत्येक जण कुणाला तरी धरून उभा होता.

डॉक्टर बेताचंच मराठी बोलायचे. त्यांनी पेडव्याची पापणी वर केली, हिरड्या बघितल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"बाई, काय खातो हा?"

"आम्ही खातो तेच, साहेब."

"तुम्ही काय खाता?"

"भात, वरण, भाकरी."

"मासळी? मटण? अंडं?"

"नाही."

त्यांनी हात पुसले. "खरूज थोडी आहे. ती मलमानं जाईल. पण मलमानं नवी कातडी येत नाही. कातडी पोटातून येते. हा कुत्रा उपाशी आहे."

मला राग आला. "दोन्ही वेळा पोटभर जेवतो तो!"

"पोट भरतं. कातडी उपाशी राहते."

"भातात असं काय नाही?"

"ते नेमकं आम्हालाही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मासळीत आहे, काळजात आहे, अंड्यात आहे. एवढं बघितलं आहे. रोज एक अंडं, थोडं बकऱ्याचं काळीज, मासळीची डोकी उकडून द्या. आणि हे तेल." त्यांनी मुशी नावाच्या मोठ्या माशाच्या काळजाच्या तेलाची बाटली दिली. "एक चमचा, भातातून. दोन महिन्यांत केस येतील."

दोन महिने. माझा नवस संपायला पाच महिने होते.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग दे की. कुत्र्याला कसला नवस?"

"मी त्याचं नाव घेतलंय देवीपुढे."

"तर माहीमला जा आणि त्याचं नाव परत घे. पुजाऱ्याला विचार तरी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "चेडवाचो जीव म्होटो की कुत्र्याचो?" पोरीचा जीव म्हटल्यावर हे उठून पडवीत गेले.

मी माहीमला गेले नाही. पुजारी नाही म्हणेल याची भीती नव्हती. तो हो म्हणाला असता तर काय केलं असतं? मी पेडव्याला मासळी घातली असती, आणि त्यानंतर गंगूला साधं पडसं जरी झालं असतं तरी मी वेडी झाले असते. मी पोटच्या मुलीला टोचायला आज-उद्या करून मरणाच्या दारात नेलं होतं. दुसऱ्यांदा मला चूक करायची नव्हती.

दर आठवड्याला मलमासाठी परळला जायचं. डॉक्टर विचारायचे, "देता ना?" मी म्हणायची, "देते, साहेब." मी त्या भल्या माणसाशी सरळ डोळ्यांत बघून खोटं बोलले. एकदा नाही, प्रत्येक वेळी. ते कपाळाला आठ्या घालून पेडव्याला पुन्हा पुन्हा तपासायचे, की सगळं देऊनही गुण का नाही.

तेल

तेलाची बाटली मात्र माझ्या डोळ्यांसमोर होती. मी माझ्यापुरती पळवाट काढली. नवस तोंडाचा होता, अंगाचा नव्हता. तेल अंगाला चोळलं तर मोडत नाही. म्हणून पडवीत बसून त्याच्या उघड्या पाठीला ते तेल चोळलं. वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

पेडव्यानं मान वळवली आणि ते चाटायला लागला. किती घाईनं चाटत होता! कित्येक महिन्यांत त्याला मी इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

मी घरातून जुन्या लुगड्याची पट्टी आणली आणि त्याचं तोंड बांधलं.

हे लिहिताना हात थांबतो. पण हे लिहायचं नसेल तर बाकीचं तरी कशाला लिहायचं? औषध त्याच्या जिभेपासून दोन बोटांवर होतं आणि मी त्याचं तोंड बांधून ते त्याच्या पाठीवर वाळवत होते. रोज. जेवायला पट्टी सोडायची, अंग पुसायचं, भात घालायचा, पुन्हा तेल, पुन्हा पट्टी.

आणि मार्गशीर्षात त्याला गुण आला! जखमा सुकल्या. मानेवर बारीक काळी लव दिसायला लागली. पेडव्या शेपूट हलवायला लागला. मी हात जोडले. डॉक्टर खुशीत म्हणाले, "बघा बाई, मासळीनं काय केलं!" मी मान हलवली आणि मनात म्हटलं, मासळी नाही साहेब, माझी देवी. तेल वरून लावलं, नवस आत सांभाळला, दोन्ही साधलं. माझ्यासारखी शहाणी बाई सगळ्या लालबागेत नव्हती.

पौष

पौषात सासूबाईंनी धोशा लावला. कुत्र्याची खाज पोरीला लागेल, तिचं अंग अजून कोवळं आहे, तिला थोडे दिवस आजोळी पाठव. गंगू जायला तयार नव्हती. रडली, पडवीत जाऊन बसली, खांबाला धरून राहिली. मी तिला रागावले. म्हटलं, "तो बरा होतोय. तू आलीस की खेळायला मोकळा." माझे वडील येऊन तिला गिरगावला घेऊन गेले.

आठ-दहा दिवसांत पेडव्यानं भातातून तोंड काढून घ्यायला सुरुवात केली. नवी लव झडली. जखमा पुन्हा ओल्या झाल्या. मी तेल जास्त लावलं, पट्टी जास्त घट्ट केली. परळला न्यायला निघाले तर तो चाळीच्या फाटकापर्यंत चालून खाली बसला. ह्यांनी त्याला उचलून नेला. डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी "देता ना?" असं विचारलं नाही.

मी आपणहून म्हटलं, "साहेब, मी देत नव्हते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता दिलं तरी पोटात राहायचं नाही. घरी न्या. ऊब द्या."

माघातल्या एका दुपारी तो गेला. मी दोरी सोडली होती, पट्टी काढली होती. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याच्या कानात म्हणत होते, अरे, महिनाभर थांब, महिन्यानं सगळं संपतंय, मग पाटीभर मासळी घालते तुला. तो माझं बोट चाटत होता. बोटाला तेलाचा वास होता. चाटता चाटता थांबला.

ह्यांनी त्याला चाळीमागे पुरलं. चांगुणा त्या दिवशी टोपली फाटकाबाहेर ठेवून आत आली आणि माझ्याजवळ बसून राहिली.

थोडं कामाचं

कुणाच्या कुत्र्याचे केस जात असतील, अंगाला कोंडा येत असेल, तर आधी ताटात काय पडतं ते बघा. तेल, गंधक, कडुलिंब नंतर. आपलं जेवण ते त्याचं जेवण नव्हे. अंडं, काळीज, उकडलेली मासळी, मुशीच्या तेलाचा चमचा पोटात. सोवळं तुमचं असेल तर तुम्ही पाळा, आणि जनावरासाठी शेजारणीकडे शिजवून घ्या. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

आणि नवस बोलायचा तर आपल्या जिवावर बोला. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं नाव घेऊ नका.

गंगू

गंगूला मी चार दिवसांनी आणायला गेले. वाटेत सांगायचं ठरवलं होतं, पण तिनं मला बघितलं आणि विचारलं, "गेला?"

मी मान हलवली. ती रडली नाही. म्हणाली, "मी नव्हते ना, म्हणून."

"अगं, तू काय करणार होतीस?"

मग घरी परतताना वाटेत तिनं सांगितलं. कार्तिकापासून ती रोज त्याला फिरवायला म्हणून चाळीमागे न्यायची. तिथे चांगुणा पानात गुंडाळून माशाचं डोकं, काळीज, कधी उकडलेलं अंडं द्यायची. गंगू त्याच्या तोंडाची पट्टी सोडायची, त्याचं खाऊन झालं की त्याचं तोंड पाण्यानं धुवायची आणि पट्टी जशीच्या तशी बांधून त्याला परत आणायची. मार्गशीर्षातला गुण माझ्या तेलाचा नव्हता.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. आठवं लागलेली पोर. नवस कशासाठी होता, कुणाच्या जिवासाठी होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आम्हीच तिला शंभरदा ऐकवलं होतं.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटायची," गंगू म्हणाली. "रोज झोपताना मी कपाळाला हात लावून बघायची, ताप येतोय का. पण तो माझ्या आधी मरत होता."

मी तिला म्हटलं, "बाळा, निदान आजोळी जाताना तरी मला सांगायचं होतंस. मी दिलं असतं त्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या वणांच्या तोंडावर राग नव्हता, कसलाच नव्हता.

"नसतं दिलंस, आई," ती म्हणाली.

खरं होतं. नसतं दिलं.